आकडेमोड : तीन वर्षांचे रविवार

मागच्या अंकात आम्ही बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट लिहिली होती. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत गेले की सगळे मिळून १८४४६७४४०७३७०९५५१६१५ दाणे होतात. आकडा आम्ही तीनदा ताडून पाहिला होता, त्यामुळे चूक काढणारे पत्र येईल अशी भीती नव्हती. पत्र आलेच नाही. आला तो एक प्रश्न, आणि तोही आपल्या रविवारच्या मराठी वर्गातल्या एका सातवीतल्या मुलीकडून.

"काका, हा नंबर प्राइम आहे का?" असे तिने विचारले, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाली, "नाही. शेवटी पाच आहे." मग जरा थांबून, "पण मग पटावर किती घरं असली तर प्राइम येईल?"

वाचकहो, प्रश्न असा असावा. सातवीतल्या मुलीने अर्ध्या मिनिटात विचारला, आणि गणित्यांना त्याचे पुरते उत्तर देता देता साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ते संपलेले नाही. या वेळचे सदर आम्ही तिलाच उत्तर म्हणून लिहीत आहोत. थोरांनी सोबत वाचायला आमची हरकत नाही.

शाळेत शिकलेले विसरले असेल त्यांच्यासाठी एक ओळ: जिला १ आणि ती स्वतः याखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या (मुलांच्या भाषेत प्राइम), आणि जिचे याहून लहान अवयव पडतात ती संयुक्त संख्या. ७ मूळ आहे. १५ संयुक्त आहे, कारण १५ म्हणजे ३ × ५.

पटावर घरे किती, तितक्या वेळा २ चा स्वतःशी गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा, की एकूण दाण्यांची संख्या येते. दोन घरांचा पट असेल तर ३ दाणे, तीन घरांचा असेल तर ७, चारचा १५, पाचचा ३१. यांतले ३, ७ आणि ३१ मूळ आहेत, १५ नाही. सहा घरांना ६३, तीही नाही. सात घरांना १२७, ती मूळ. आठ घरांना २५५, शेवटी पाच. म्हणजे असे दिसते की घरांची संख्या स्वतः मूळ असेल (२, ३, ५, ७) तर दाण्यांची संख्या मूळ, आणि घरे ४, ६, ८ अशी असतील तर नाही.

यातला दुसरा भाग नेहमीच खरा असतो, आणि का, ते कागदावर नुसते एक काढून दाखवता येते. संगणक ० आणि १ हे दोनच अंक वापरतो हे मुलांना ठाऊक आहेच. त्याच्या लिपीत ७ म्हणजे १११, १५ म्हणजे ११११, ३१ म्हणजे १११११. जितकी घरे तितके एक, बाकी काही नाही. आता सहा एक घ्या, आपल्या नेहमीच्या दशमान लिपीतले घेतले तरी चालतील: ११११११. यांचे तीन-तीनचे दोन गट पडतात, म्हणून १११ ने भाग जातो आणि १००१ येतात. दोन-दोनचे तीन गट पडतात, म्हणून ११ नेही भाग जातो आणि १०१०१ येतात. गट पडले की अवयव पडले. चौसष्ट एकांचे तर हवे तसे गट पडतात, म्हणून मागच्या अंकातली संख्या बिचारी कुठल्या कुठे फुटते. घरांची संख्या स्वतः मूळ असेल तरच ही पंगत समान गटांत बसवता येत नाही.

पण गट पडत नाहीत एवढ्यावरून संख्या मूळ ठरत नाही, आणि इथेच सगळे घोटाळ्यात पडले. अकरा घरांचा पट घ्या. ११ मूळ आहे. दाणे होतात २०४७. आणि २०४७ म्हणजे २३ × ८९. हे सोळाव्या शतकातच लोकांच्या लक्षात आले होते.

मग कोणत्या घरसंख्येला दाण्यांची संख्या मूळ येते? याची यादी पहिल्यांदा ठासून छापली ती पॅरिसच्या मारॅं मर्सेन या मठवासी पाद्र्याने, १६४४ साली. हे गृहस्थ आम्हाला फार जवळचे वाटतात. त्या काळी शास्त्रीय नियतकालिके नव्हती. फर्मा, देकार्त अशी मंडळी आपापले शोध मर्सेनला पत्राने कळवीत, आणि मर्सेन ते उतरवून इतरांना धाडी. मठातली त्याची खोली म्हणजे एका माणसाने चालवलेले वार्तापत्रच. झेरॉक्स नव्हते, पोस्टाची तिकिटे कोण देत होते देव जाणे. त्याने लिहिले की २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या घरसंख्यांना मूळ संख्या येते, आणि २५७ पर्यंत दुसऱ्या कशालाही नाही.

हे त्याने कशावरून ठरवले ते आजतागायत कोणाला कळलेले नाही. २५७ घरांची संख्या ७८ अंकी आहे. ती त्याने तपासली असणे शक्यच नाही. पण यादी छापली गेली, आणि छापलेल्या गोष्टीला एक वजन येते. १७७२ साली ऑयलरने ३१ घरांची २१४७४८३६४७ ही संख्या खरोखरच मूळ असल्याचे सिद्ध केले, तेव्हा तर मर्सेनला काही गुप्त सूत्र ठाऊक होते असा समज पक्का झाला.

आता आपण यादीतल्या ६७ कडे येऊ. म्हणजे आपल्या पटाला तीन घरे जास्त. दाणे होतात

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

एकवीस अंक. ही आमची आजची उत्सवमूर्ती. इंग्रजीत ती वाचताना मिल्यन-बिल्यनच्या पुढे मुलांची गाडी अडते. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) एक पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत, ती वापरून आम्ही वर्गात वाचून दाखवली: १४७५ परार्ध, ७ मध्य, ३ अंत्य, ९ जलधी, ५ शंकू, २ महापद्म, ५ निखर्व, ८ खर्व, ९ अब्ज, ६७ कोटी, ६४ लाख, १२ हजार ९२७. परार्धाच्या पुढे नाव नाही म्हणून तिथे १४७५ असे घाऊक म्हणावे लागले. मुलांना 'महापद्म' फार आवडले. त्या दिवसापासून वर्गात सगळेच महापद्म झाले आहे, गृहपाठसुद्धा.

ही संख्या मूळ आहे की नाही? शेवटी ७ आहे, म्हणजे २ ने किंवा ५ ने भाग जाणार नाही. अंकांची बेरीज १०९ येते, म्हणजे ३ ने नाही. ७, ११, १३ यांनीही जात नाही. दोनशे वर्षांहून अधिक काळ सर्वांनी मर्सेनवर विश्वास ठेवून तिला मूळ मानले.

१८७६ साली एदुआर्द ल्युका या फ्रेंच गणित्याने एक विलक्षण रीत काढली. ल्युका आपल्या ओळखीचा आहे. लाकडी खुंट्यांवर लहान-मोठ्या चकत्या ओवलेले 'हॅनॉयचा मनोरा' हे खेळणे त्याचेच, १८८३ मधले. त्याबरोबर जोडलेली गोष्ट काशीतल्या देवळात घडते: पुजारी चौसष्ट सोन्याच्या चकत्या हलवीत बसले आहेत, आणि त्या सगळ्या दुसऱ्या खुंटीवर गेल्या की जगाचा अंत. त्याला लागणाऱ्या खेपा बरोबर आपल्या पटावरच्या दाण्यांइतक्या, म्हणजे सेकंदाला एक चकती हलवली तरी ५८५ अब्ज वर्षे. काळजीचे कारण नाही.

ल्युकाची रीत (तिला आजचे सुटसुटीत रूप १९३० साली लेमरने दिले) अशी. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा. जी संख्या येईल तिचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा. घरे जितकी, त्याहून दोन कमी वेळा हे करायचे. शेवटी आलेल्या संख्येला आपल्या दाण्यांच्या संख्येने पूर्ण भाग गेला तर ती मूळ, न गेला तर संयुक्त. पाच घरांसाठी तीन वेळा: ४ वरून १४, मग १९४, मग ३७६३४. आणि ३७६३४ म्हणजे बरोबर ३१ × १२१४. म्हणून ३१ मूळ. अकरा घरांसाठी नऊ वेळा करावे लागते. आकडे फुगू नयेत म्हणून दर वेळी २०४७ ने भागून फक्त बाकी ठेवायची: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, १७३६ उरले, म्हणजे २०४७ संयुक्त. ज्यांच्या मुलांना सुट्टीत करायला काही नसते त्यांनी हे जरूर करवून घ्यावे. आम्ही स्वतः केले आहे.

ल्युकाने या मार्गाने दोन गोष्टी सिद्ध केल्या. १२७ घरांची ३९ अंकी संख्या मूळ आहे. (१९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे, त्याहून मोठी मूळ संख्या कोणालाही ठाऊक नव्हती.) आणि ६७ घरांची आपली संख्या मूळ नाही.

गंमत इथून पुढे आहे. ती मूळ नाही हे कळले, म्हणजे तिचे अवयव आहेत हे नक्की. पण कोणते? त्याबद्दल ही रीत चकार शब्द काढत नाही. वरच्या १७३६ कडे कितीही वेळ पाहत बसा, त्यातून २३ आणि ८९ डोकावणार नाहीत.

आमच्यासारख्या रसायनाच्या माणसाला यात नवल वाटत नाही. एखादी पांढरी पूड शुद्ध आहे की नाही हे पाहायचे तर आम्ही ती काचेच्या बारीक नळीत घालून तापवतो. शुद्ध असेल तर ठरलेल्या तापमानाला झटकन वितळते. भेसळ असेल तर आधीच ओलसर होते आणि चार-पाच अंशांत रेंगाळत वितळते. भेसळ आहे हे पाच मिनिटांत कळले. कशाची आहे? ते शोधण्यात पुढचा महिना जातो, आणि आमच्या प्रबंधाच्या वेळी एकदा सगळा हिवाळा गेला होता. क्यूरी दांपत्याने १८९८ साली जाहीर केले की पिचब्लेंडमध्ये रेडियम आहे. ते आहे, एवढे किरणांवरून कळले होते. पण प्रत्यक्ष वेगळे काढून दाखवायला टनावारी खनिज ढवळावे लागले, आणि १९०२ मध्ये मेरी क्यूरींच्या हाती रेडियमचा क्षार आला तो ग्रॅमचा दहावा हिस्सा.

६७ घरांच्या संख्येतले रेडियम काढायला ल्युकानंतर सत्तावीस वर्षे लागली.

फ्रॅंक नेल्सन कोल हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी, शनिवारी, न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा होती आणि त्यात कोल यांचा निबंध होता. विषय: मोठ्या संख्यांचे अवयव. एरिक टेंपल बेल या गणित्याने ही हकीगत नंतर लिहून ठेवली आहे. ती अशी की कोल फळ्यापाशी गेले आणि एक शब्दही न बोलता त्यांनी २ चा ६७ वा घात हाताने काढला, त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागावर दोन संख्या लिहिल्या आणि त्यांचा गुणाकार, शाळेतल्यासारखा, ओळीखाली ओळ मांडून, पूर्ण केला:

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

दोन्ही उत्तरे एकच आली. कोल जाऊन जागेवर बसले. सभेने टाळ्या वाजवल्या. कोणीही प्रश्न विचारला नाही. पुढे बेलने त्यांना विचारले की याला वेळ किती लागला, तेव्हा कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

बेलसाहेब गोष्टी रंगवून सांगण्याबद्दल प्रसिद्ध होते, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट वाचकांनी आपल्या मनाप्रमाणे कमी-जास्त करून घ्यावा. पण गुणाकार रंगवता येत नाही. आम्ही तो फुलस्केप कागदावर स्वतः करून पाहिला, पाऊण तास लागला, आणि शेवटचा अंक जुळला तेव्हा घरातली मंडळी झोपलेली होती म्हणून टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्यांना पाऊण तास नाही त्यांनी आजोबांच्या वेळचा नऊचा ताळा करावा. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, तिची १०, तिची १. दुसरीची ६४, मग १०, मग १. एक गुणिले एक म्हणजे एक. आणि उत्तराची १०९, मग १०, मग १. ताळा जमला. ताळा जमणे हा पुरावा नव्हे, पण न जमला असता तर गुणाकार चुकला एवढे नक्की कळले असते. ही युक्ती इथल्या शाळांतून फारशी शिकवत नाहीत. आपल्या वर्गात आम्ही शिकवतो.

आता विचार करा, कोल यांनी केले काय? समोर एकवीस अंकी संख्या. तिला पूर्ण भाग घालवणारी संख्या शोधायची. २, ३, ५, ७ असे एकेकाने भागत गेले तर १९ कोटींवर पोहोचेपर्यंत आयुष्य पुरणार नाही. पण सगळ्यांनी भागावे लागत नाही. फर्माने १६४० मध्येच दाखवले होते की घरांची संख्या मूळ असेल तर दाण्यांच्या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव एका ठराविक साच्यातला असतो: घरसंख्येची दुप्पट करा, तिच्या कुठल्यातरी पटीत १ मिळवा. अकराच्या वेळी दुप्पट २२. आणि २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे चार वेळा २२ अधिक १. बरोबर. ६७ ची दुप्पट १३४, म्हणून १३५, २६९, ४०३ अशा संख्याच फक्त पाहायच्या. शिवाय आणखी एक चाळणी अशी की त्या अवयवाला ८ ने भागले तर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. यात अर्ध्या गळतात.

तरी उरतात किती? कोल यांचा लहान अवयव म्हणजे १३४ ची १४४५५८० वी पट, अधिक १. त्याच्या निम्म्या म्हणजे सव्वासात लाख भागाकार. एकाला पाच मिनिटे धरली आणि रविवारी आठ तास बसले, तर १४५ वर्षे. त्यांतल्या फक्त मूळ संख्यांनीच भागायचे म्हटले तरी सुमारे ऐंशी हजार उरतात, म्हणजे सोळा वर्षे, आणि इतक्या लांबपर्यंत मूळ संख्यांची छापील यादीही त्या वेळी नव्हती. ते तीन वर्षांत झाले, याचा अर्थ कोल नुसते भागत बसले नव्हते. वर्गसंख्यांच्या बाक्यांवरून त्यांनी आणखी चाळण्या रचल्या, एकावर एक, आणि मगच जे थोडे उरले ते तपासले. चिकाटी होतीच. पण नुसत्या चिकाटीने सोळा वर्षे लागली असती, हे आमच्या तरुण वाचकांनी लक्षात ठेवलेले बरे.

(आज हेच काम घरातला संगणक आपण चहाचा कप उचलायच्या आत करतो. मुलांनी हे वाक्य मोठ्याने वाचून आम्हाला चिडवू नये.)

मर्सेनच्या यादीचे पुढे काय झाले ते थोडक्यात. ६७ गेला. २५७ ही विसाव्या शतकात गेला. उलट ६१, ८९ आणि १०७ त्याने गाळले होते, ते मूळ निघाले. यातला ६१ तर १८८३ सालीच एका रशियन गणित्याने दाखवला होता, आणि मर्सेनच्या यादीतला ६७ हा ६१ चा छापखान्यातला घोळ असावा असा काहींचा तर्क आहे. वार्तापत्र काढणाऱ्यांना तो पटकन पटेल. सगळी यादी तपासून पुरी झाली ती १९४७ मध्ये. तेव्हा आमच्या छोट्या मैत्रिणीला सरळ उत्तर असे: बुद्धिबळाच्या पटाची तीन घरे काढून टाक. ६१ घरांच्या पटावर २३०५८४३००९२१३६९३९५१ दाणे होतात, आणि ती संख्या मूळ आहे.

शोध अजून चालू आहे. १९९६ पासून जगभरचे हौशी लोक आपल्या संगणकांचा मोकळा वेळ त्यासाठी फुकट देतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ल्यूक ड्युरंट या स्वयंसेवकाने १३६२७९८४१ घरांची संख्या मूळ असल्याचे शोधून काढले. अशा ज्ञात संख्यांपैकी ती बावन्नावी. तिचे अंक ४१०२४३२०. आपल्या अंकाच्या एका पानावर तीन हजार अक्षरे मावतात असे धरले तर ती छापायला साडेतेरा हजारांहून जास्त पाने लागतील. खजिनदारांनी हा परिच्छेद वाचून घाबरू नये, तसा विचार नाही.

याचा उपयोग काय, हा प्रश्न येणारच. उत्तर आहे, आणि ते आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या परत शोधणे अतिशय अवघड, याच एका गोष्टीवर १९७७ साली तिघा गणित्यांनी गुप्त लिखाणाची एक पद्धत उभी केली, आणि पुढे क्रेडिट कार्डाचा आकडा तारेवरून सुखरूप जावा म्हणून तीच कामाला आली. त्यांनी त्या वर्षी १२९ अंकी एक संख्या जाहीर करून तिचे अवयव काढण्याचे आव्हान दिले होते. १९९४ मध्ये सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी मिळून ते काढले. संख्या मूळ आहे की नाही हे ओळखण्याची नेमकी आणि झटपट रीत २००२ साली कानपूरच्या आय.आय.टी.तल्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना या तिघांनी शोधली. पण ल्युकाच्या वेळी होते ते अजून तसेच आहे: ओळखणे सोपे, अवयव काढणे कठीण.

पण हे उत्तर आम्ही जरा अनिच्छेनेच देतो. १९०३ मध्ये क्रेडिट कार्ड नव्हते. कोल यांना यातले काही म्हणजे काही ठाऊक नव्हते, आणि त्यांनी ते रविवार त्यासाठी घातले नाहीत.

हे लिहिण्याला एक निमित्त आहे, ते आता सांगतो. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर पाचवा विषय 'रविवारचा मराठी वर्ग चालू ठेवण्याबाबत' असा आहे. मुले अठरा होती, ती सात झाली आहेत. रविवारी सॉकर असतो, पोहणे असते, दोन-दोन भावंडांना दोन दिशांना पोचवायचे असते, हे आम्हाला समजते, आम्हीही पोचवतो. चर्च हॉलचे भाडेही वाढले आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत एका सभासदाने विचारले की मुले शेवटी आजीशी फोनवर इंग्रजीतच बोलतात, मग या वर्गाचा हिशेबी उपयोग काय? प्रश्न दुष्टपणाने विचारलेला नव्हता. त्यांची स्वतःची मुलगी वर्गात दोन वर्षे येऊन गेली आहे. कोणालाही लगेच उत्तर सुचले नाही, आम्हालाही नाही.

आमच्यापाशी आजही क्रेडिट कार्डासारखे चोख उत्तर नाही. एवढेच दिसते की वरचा प्रश्न त्या सातांपैकी एकीने विचारला, आणि तो मराठी वाचून विचारला; कारण मागचे सदर ती बोट ठेवून, अडखळत, आमच्यासमोर वाचत होती. सात ही मूळ संख्या आहे, तिचे गट पाडता येत नाहीत, असा विनोद आम्ही बैठकीत केला. तो पडला.

कोल यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट बेलच्या गोष्टीत येत नाही, पण सोसायटीच्या कागदोपत्री आहे. हे गृहस्थ त्या सोसायटीचे पंचवीस वर्षे सचिव होते, आणि एकवीस वर्षे तिच्या बुलेटिनचे संपादक. पंचवीस वर्षे इतिवृत्ते, पत्रे, सभांच्या नोटिसा आणि दुसऱ्यांच्या निबंधांची मुद्रिते. हे सगळे सोमवार ते शनिवारात बसवून त्यांनी रविवार त्या संख्येला दिला. ते १९२० मध्ये निवृत्त झाले तेव्हा सभासदांनी त्यांना एक रक्कम दिली, ती त्यांनी सोसायटीलाच परत केली आणि तिच्यातून कोल पारितोषिक सुरू झाले. संख्याशास्त्रातले, म्हणजे मूळ संख्या वगैरेंच्या गणितातले, ते फार मानाचे पारितोषिक. २००८ मध्ये ते मंजुल भार्गव यांना मिळाले आणि २०११ मध्ये मुंबईचे चंद्रशेखर खरे यांना, वॅंतनबर्गर या फ्रेंच गणित्याबरोबर.

पाचव्या विषयावर मतदान हात वर करून होणार आहे. तेव्हा सभेला फक्त जेवणाच्या वेळी येणाऱ्यांनी या खेपेस साडेदहालाच यावे. आमचा हात वर असेल.

आता मुलांसाठी. वर सांगितलेला फर्माचा साचा वापरून पुढील तीन संख्यांचा सर्वांत लहान अवयव शोधायचा आहे. २३ घरांची ८३८८६०७, २९ घरांची ५३६८७०९११ आणि ३७ घरांची १३७४३८९५३४७१. कॅल्क्युलेटर चालेल. एकाही संख्येला चारपेक्षा जास्त भागाकार लागणार नाहीत, आणि आठच्या चाळणीतून काढले तर त्याहूनही कमी. उत्तरे कागदावर लिहून रविवारी वर्गात आणून द्यावीत, मराठी अंकांत. जे वर्गात येत नाहीत त्यांनी आई-बाबांबरोबर सभेच्या दिवशी दिली तरी चालतील. आम्ही नावनोंदणीच्या टेबलापाशी बसलेले असू. बरोबर उत्तरे देणाऱ्यांची नावे पुढच्या अंकात.